सोलापूरच्या डॉक्टरच्या नावाची सुई

माझ्या वडिलांची कंबर चाळिशीच्या आतच धरली. उरणच्या मिठागरात ओल्या मिठाच्या टोपल्या वाहून वाहून. उसण भरली की आजी विळा तापवून डाग द्यायची. त्या खुणा त्यांच्या पाठीवर शेवटपर्यंत होत्या. आज मी इथेच, उरणच्या द्रोणागिरीत अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया लावते आणि माझ्याकडे कंबर धरून येतात ते कंटेनरच्या ट्रेलरवर दिवसदिवस बसणारे चालक.

सुई मुळात चीनची, पण ती आपल्याकडे आली त्यामागे मुंबई बंदरातून निघालेलं एक जहाज आहे. 1 सप्टेंबर 1938 रोजी ‘राजपुताना’ बोटीनं काँग्रेसचं वैद्यकीय पथक जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला निघालं. पाच डॉक्टर होते. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे चोळकर आणि बंगालचे बिजयकुमार बसू. कोटणीस शल्यचिकित्सक. आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच गेले. बसू परतले. पन्नासच्या दशकात ते पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि 1959 पासून कोलकात्यात ते उपचार करू लागले. पुढे या विद्येच्या प्रसाराच्या कामाला त्यांनी आपल्या गेलेल्या मित्राचं नाव दिलं. लुधियानातलं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयही कोटणीसांच्याच नावाचं आहे. ज्यानं स्वतः या सुया लावल्याचं ऐकिवात नाही, त्याचं नाव त्यांना लागलं, आणि मला ते योग्यच वाटतं.

कंबरदुखीवर सुईनं आराम पडतो, हे मी रोज पाहते. पण रुग्णाला पूर्ण खरं सांगायला हवं. जर्मनीत अकराशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले. सुया लावलेल्यांपैकी सुमारे 48 टक्क्यांना फरक पडला, नेहमीच्या उपचारांनी 27 टक्क्यांना. मात्र चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या सुयांनीही 44 टक्क्यांना बरं वाटलं. म्हणून सुई टोचायच्या बिंदूंच्या नेमकेपणाचा फार गाजावाजा मी करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सुईला सशर्तच पसंती दिली.

महाराष्ट्रात या उपचारासाठी 2015 चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. तेव्हा सुई लावून घेण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा, नव्या सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. पायात बधिरपणा असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर माझ्याकडे नको, तडक इस्पितळात जा.