शिकागोचं 'मर्डर हॉटेल': 200 खून, गुप्त खोल्या... खरं किती आणि दंतकथा किती?

शिकागो आणि 1893 म्हटलं की आपल्याला आठवतात स्वामी विवेकानंद. 11 सप्टेंबर 1893 रोजी सर्वधर्म परिषदेत त्यांनी केलेलं भाषण जगभर गाजलं. ही परिषद शिकागोच्या भव्य जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.

याच वर्षाची आणखी एक गोष्ट सोशल मीडियावर सतत फिरत असते. प्रदर्शनाला आलेल्या पाहुण्यांना हॉटेलात ठेवून त्यांचे खून करणाऱ्या 'डॉ. एच. एच. होम्स'ची. कुणी 27 खून सांगतं, कुणी थेट 200. पण प्रत्यक्षात काय घडलं होतं?

शहर इतकं वेगाने कसं वाढलं?

ऑक्टोबर 1871 च्या आगीत शिकागोचा मोठा भाग जळाला. सुमारे 300 लोकांचा मृत्यू झाला आणि जवळपास एक लाख लोक बेघर झाले. पण शहर पुन्हा उभं राहिलं. रेल्वे, धान्यबाजार आणि मांसप्रक्रिया उद्योगामुळे कामगारांचे लोंढे येत राहिले. 1880 मध्ये लोकसंख्या सुमारे 5 लाख होती, ती 1890 मध्ये जवळपास 11 लाख झाली. म्हणजे दहा वर्षांत दुपटीहून जास्त.

1885 मध्ये इथेच होम इन्शुरन्स बिल्डिंग ही दहा मजली इमारत पूर्ण झाली. पोलादी सांगाड्याचा वापर केल्यामुळे तिला अनेकदा जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हटलं जातं.

प्रदर्शनात काय होतं?

वास्तुरचनाकार डॅनियल बर्नहॅम यांच्या देखरेखीखाली जॅक्सन पार्कमध्ये पांढऱ्याशुभ्र इमारती उभ्या राहिल्या. लोक त्याला 'व्हाइट सिटी' म्हणू लागले. विजेच्या हजारो दिव्यांचा झगमगाट होता. जत्रेत आपण ज्या आकाशपाळण्यात बसतो, त्याचा पूर्वज असलेलं फेरिस व्हील इथेच पहिल्यांदा फिरलं. उंची 264 फूट, एका वेळी 2,160 माणसं बसतील एवढी जागा. सहा महिन्यांत प्रदर्शनाला सुमारे 2 कोटी 70 लाख भेटी झाल्या.

मग होम्स कोण होता?

खरं नाव हर्मन वेबस्टर मजेट. 1884 मध्ये मिशिगन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली आणि 1886 मध्ये शिकागोच्या एंगलवूड भागात आला. तिथे औषधाचं दुकान चालवलं, मग समोरच इमारत बांधली. कामगारांचे पैसे बुडवणं, उधारीवर सामान उचलणं, खोट्या सह्या करणं आणि विम्याची फसवणूक हा त्याचा खरा धंदा.

प्रदर्शनाच्या आधी त्याने इमारतीवर तिसरा मजला चढवला आणि इथे हॉटेल होणार असं सांगितलं. पण ते हॉटेल कधी नीट सुरूच झालं नाही. त्यामुळे प्रदर्शनाला आलेले शेकडो पाहुणे तिथे मारले गेले, या दाव्याला पुरावा नाही.

त्याने नेमकं कुणाला मारलं?

बहुतेक बळी अनोळखी पर्यटक नव्हते, तर त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसं होती. दुकानात काम करणारी ज्युलिया कॉनर आणि तिची लहान मुलगी पर्ल 1891 च्या अखेरीस बेपत्ता झाल्या. वर्षभराने त्याच्याकडे नोकरी करणारी एमेलिन सिग्रँड दिसेनाशी झाली. 1893 च्या उन्हाळ्यात मिनी विल्यम्स आणि तिची बहीण नॅनी यांचाही पत्ता लागला नाही. मिनीची टेक्सासमधली मालमत्ता मात्र होम्सच्या हाती आली होती.

1894 मध्ये त्याने आपला साथीदार बेंजामिन पाइटझेलला 10,000 डॉलरच्या विम्यासाठी मारलं. नंतर त्याच्या तीन मुलांनाही संपवलं. मुलांनी आईसाठी लिहिलेली पत्रं होम्सने पोस्टात टाकलीच नव्हती. तीच पत्रं फिलाडेल्फियाचे डिटेक्टिव्ह फ्रँक गेयर यांना उपयोगी पडली. त्यातल्या गावांच्या आणि हॉटेलांच्या उल्लेखांवरून माग काढत जुलै 1895 मध्ये ते टोरांटोतल्या एका घराच्या तळघरापर्यंत पोहोचले. तिथे दोन्ही मुलींचे मृतदेह सापडले.

होम्स दोषी ठरला तो फक्त पाइटझेलच्या खुनासाठी. 7 मे 1896 रोजी त्याला फाशी झाली. त्याआधी वृत्तपत्रात त्याने 27 खुनांची कबुली दिली होती, पण त्यातली काही माणसं चक्क जिवंत निघाली! अभ्यासक साधारण नऊ खून विश्वासार्ह मानतात. 200 हा आकडा नंतरच्या सनसनाटी लिखाणातून आला.

हे इतकी वर्षं लपलं कसं?

रोज रेल्वेने नवी माणसं उतरत होती. कारखान्यांत, दुकानांत, ऑफिसांत काम शोधायला तरुण मुली एकट्या येत होत्या. घरच्यांशी संपर्क फक्त पत्रांतून. 'ती लग्न करून दुसऱ्या गावी गेली' एवढं सांगितलं की विषय संपायचा. जो अनोळखीपणा या मुलींना स्वातंत्र्य देत होता, त्याच्याच आडोशाला होम्स लपला.

प्रदर्शनाचा शेवट कसा झाला?

28 ऑक्टोबर 1893 रोजी महापौर कार्टर हॅरिसन यांची त्यांच्याच घरी गोळ्या झाडून हत्या झाली. समारोपाचा सोहळा रद्द करावा लागला. त्या वर्षी आलेल्या मंदीत बेघर झालेल्या अनेकांनी रिकाम्या व्हाइट सिटीत आसरा घेतला. जुलै 1894 मध्ये तिथल्या मुख्य इमारती आगीत जळाल्या.

होम्सची इमारतही 1938 मध्ये पाडली गेली. त्यानंतर तिथे पोस्ट ऑफिस आलं.