राणीच्या बागेतील दालन

मुंबईची राणीची बाग म्हणजे प्राण्यांचे पिंजरे, अशी वऱ्हाडातून तेथे जाणाऱ्या पुष्कळांची समजूत असते. परंतु ही बाग मूळची वनस्पति-उद्यान होय. आणि तिच्या आवारातील वस्तुसंग्रहालयाची जुनी इमारत तर दर्यापूर-अकोल्याकडील कापसाच्या इतिहासाशी, दुरून का होईना, जोडलेली आहे.

१८५७ च्या धामधुमीत सरकारी संग्रहालयाची फोर्टमधील जागा लष्कराने घेतली व तेथील वस्तूंची वाताहत झाली. तेव्हा नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी लोकवर्गणीतून नवी वास्तू उभारण्याचे मनावर घेतले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते कोनशिला बसली. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटले होते. तेथील कापूस बंद होताच इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. वऱ्हाडी कापसास सोन्याचे मोल आले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ साली युद्ध संपले, सट्टा कोसळला, वर्गणी आटली आणि काम थांबले. नानाही त्याच वर्षी निवर्तले. पुढे सरकारने पैसा पुरविला, तेव्हा २ मे १८७२ रोजी ही वास्तू लोकांस खुली झाली.

बाहेरून ती इटालियन वास्तुविशारद पॅलाडिओच्या वळणाची, समप्रमाण आणि गंभीर दिसते. आत पाऊल टाकताच चित्र पालटते. मधोमध दोन मजले उंच मोकळी जागा, सभोवार सज्जा, आणि ओतीव लोखंडाचे सडपातळ, नक्षीदार खांब! दगडी खांबांनी जी जागा अडविली असती, ती लोखंडाने मोकळी ठेवली. पायाखाली मिंटनच्या रंगीत फरश्या, माथ्यावर सोनेरी वेलबुट्टी. असा थाट पूर्वी राजवाड्यात असे. येथे तो सामान्य जनांसाठी मांडला गेला.

दारावर मात्र व्हिक्टोरिया राणी व तिचा पती अल्बर्ट यांचे नाव चढले. भाऊ दाजींचे नाव या वास्तूस १९७५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर एक शतक लोटल्यावर, मिळाले. मुंबई महानगरपालिका, इंटॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी केलेल्या जीर्णोद्धारास २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार लाभला. २००८ साली दालन पुन्हा खुले झाले.

तेजीत कोनशिला बसविणे सोपे. मंदीत छत चढविणे कठीण. कपाशीवर जगणाऱ्या मुलखास हे निराळे सांगावयास नको.