लपण

लॅटिन भाषेत ‘लॅटेब्रा’ असे एक नाम आहे. आपल्याकडे ‘लपणे’वरून ‘लपण’ झाले, तसेच तेही लपण्याच्या धातूवरून झालेले. ट्रॉयच्या लाकडी घोड्याच्या पोटासाठी व्हर्जिलने हाच शब्द योजिला आहे. इंग्रजांनी तो जसाच्या तसा उचलला; पण ठेवला कुठे, तर अंड्यात! पिवळ्या बलकाच्या मधोमध फिकट बलकाचा चंबूसारखा भाग असतो, त्याला ते लॅटेब्रा म्हणतात. अंडे उकडले तरी तो नीटसा घट्ट होत नाही. (ऐन दिवाळीत अंडे काढले, शाकाहारी वाचकांनी क्षमा करावी.)

माणसाचे लपण कसे असते, हे मात्र पनवेलकडच्या माणसाला विचारावे. कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका सर्वांनी पाहिलेला असतो. त्याच्या पायाशी कातळात खोदलेली टाकी आहेत. १८१८ साली हा गड इंग्रजांकडे गेला. त्याच परिसरातल्या शिरढोणास ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले.

पुण्यातली लष्करी हिशेबखात्याची कारकुनी टाकून, दुष्काळाने होरपळलेल्या मुलखातले रामोशी जमवून त्यांनी बंड उभारले. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी लुटली, आणि मग रान, डोंगर व देवळे हेच त्यांचे घर झाले. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी पनवेलजवळचे पळस्पे लुटले. पण परतताना मेजर डॅनियलच्या फौजेशी झालेल्या चकमकीत ते पडले.

वासुदेव बळवंतांनी श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या आश्रयाला बसून आपली हकीकत लिहून काढली. अंग लपवणाऱ्या माणसाने मन असे कागदावर उघडे का ठेवावे? मला वाटते, आपण निव्वळ दरोडेखोर नव्हतो, एवढे कोणाला तरी कळावे म्हणून. पुढे खटल्यात सरकारने तेच कागद त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले.

जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावडगी गावी, तापाने शिणून ते देवळात झोपले असता डॅनियलने त्यांना गाठले. पुण्यास खटला झाला, सार्वजनिक काकांनी वकीलपत्र घेतले, आणि शिक्षा झाली जन्मठेपेची, काळ्या पाण्यापार एडनला. तिथेही त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडले व ते निसटले! पण सह्याद्रीची झाडी तिथे कुठली? त्या उजाड खडकाळ मुलखात ते लगेच सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, अन्न सोडलेल्या अवस्थेत, तिथेच त्यांचा अंत झाला.