सावकाराची चोपडी आणि आपला सिबिल

सिबिल स्कोअर ३०० ते ९०० यांच्यामध्ये असतो. इंजिनिअरिंग संपवून पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा माझ्या रिपोर्टवर उणे एक होतं. म्हणजे इतिहासच नाही. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावात हे ऐकून लोक हसले असते. तिथे तुमच्या आजोबांनी बियाण्यासाठी कुणाकडून पैसे उचलले तेही ठाऊक असतं.

पण लेखी इतिहास असायचा सावकाराच्या चोपडीत, आणि ती वाचणाराही तोच. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले. लोण नगर जिल्ह्यात पसरलं. पुस्तकांत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात, पण रोख माणसं मारण्यावर नव्हता. हवे होते कागद. कर्जरोखे आणि हुकूमनामे मागून घेतले, जाळले. थोडक्यात, डेटाबेस उडवला. आणि बॅकअप नव्हता!

सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये कायदा आला. रोख्यावरचा आकडा अंतिम न मानता व्यवहार मुळापासून तपासायची मुभा कोर्टाला मिळाली. सावकाराने पावती द्यायची, वर्षाचा हिशेब द्यायचा, मागितल्यास पासबुकही. मला यातलं पासबुक सगळ्यात मोठं वाटतं. कर्जदाराच्या हातात त्याच्याच इतिहासाची प्रत! मात्र सुरुवातीला कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगरपुरता होता. आमचं वाशीम, तेव्हाचं बासिम, वऱ्हाडात, त्याच्या बाहेर.

२००० साली सिबिल कंपनी निघाली, २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांसाठी कायदा झाला. चोपडी आता सर्व्हरवर आहे. तिला तुमचे आजोबा माहीत नाहीत, तुम्ही तारखेला पैसे भरले की नाही एवढंच कळतं. मी एफडीवर कार्ड घेतलं, दर महिन्याला पूर्ण बिल भरलं, तेव्हा कुठे आकडा उगवला. पगारदाराला हे जमतं. सोयाबीनचा पैसा महिन्याच्या तारखा पाळत नाही. म्हणूनच पीककर्जाला सिबिल मागू नका, असं राज्य सरकारला बँकांना बजावावं लागतं.

तुमचं पासबुक मात्र मागून घ्या. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. न घेतलेलं कर्ज त्यात दिसलं तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.