पुस्तकांमागचा माइक आणि वऱ्हाडी ‘हाव’

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या अमरावती परिक्षेत्रात अमरावती-अकोल्यासह पाच जिल्हे येतात. सापळ्याआधी इथे ‘पडताळणी’ होते. तक्रारदाराच्या खिशात व्हॉइस रेकॉर्डर, सोबत पंच. साहेब खरंच पैसे मागतो का, ते त्याच्याच तोंडून घ्यायचं. नोटांना पावडर लागते ती त्यानंतर.

या रेकॉर्डरचं कूळ मुंबईचं. महापालिकेच्या एका कारकुनाला युसुफअली नागरी लाच देऊ करत होता. पोलिसांनी पुस्तकांमागे माइक दडवला आणि स्वतः आतल्या खोलीत दबा धरला. टेप मोहरबंद न करता तशीच ठेवली, तरी १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मानली. मात्र असा पुरावा जपून घ्या, असंही बजावलं. १९७२ साली मुंबईचे कॉरोनर मलकानी यांच्या खटल्यात ठरलं की फोनवरचं बोलणं चोरून टेप केलं एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. १९८५ च्या रामसिंग निकालाने अटी घातल्या: आवाज ओळखता यावा, फेरफार नसावा, मोहर असावी, बोलणं स्पष्ट ऐकू यावं. १ जुलै २०२४ पासूनच्या साक्ष अधिनियमात तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रावर हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, हीही लागते.

टेपची काळजी पिढ्यान्‌पिढ्या वाढली. टेपमधल्या बोलण्याची तेवढी नाही.

समजा, तक्रारदार म्हणतो, “सायेब, दोन हजार देतो, मायं काम करून द्या न.” साहेब म्हणतो, “हाव, पाहू मंग.” ट्रान्सक्रिप्टमध्ये उतरतं: “हो, पाहू नंतर.” झाला होकार! पण वऱ्हाडात ‘हाव’ नुसता हुंकारही असतो. ऐकतोय, बोल पुढं, इतकाच. समोरच्याला वाटेला लावायलाही ‘हाव हाव’ म्हणतात. फरक सुरात असतो, आणि सूर कागदावर येत नाही. रॉजर शाय या अमेरिकन भाषातज्ज्ञाने टेक्सासमधल्या १९७९ च्या एका खटल्यापासून हेच दाखवलं: विषय कोणी काढला आणि दुसऱ्याने त्याला खरंच काय उत्तर दिलं, हे वेगवेगळं तपासा. वरच्या संवादात पैशांचा विषय साहेबाने काढलेलाच नाही.

वऱ्हाडातल्या ‘देजो’चंही तसंच. त्यात ‘पुढं कधी, सवडीनं’ हा अर्थ असतो. प्रमाण मराठीतलं ‘दे’ म्हणजे आत्ताच टाक. ट्रान्सक्रिप्ट करणारा पुण्या-मुंबईकडचा असला की सवड गळते, मागणी उरते.

२०१५ साली संजयसिंह चव्हाण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, मूळ रेकॉर्डिंगच ऐकू येत नसेल तर त्याच्या भाषांतरावर विसंबता येणार नाही. नीट ऐकू येणाऱ्या पण नीट न कळलेल्या ‘हाव’चं काय? बचावाचा वकील अकोल्याचा असला तर उलटतपासणीत टेप पुन्हा वाजवायला लावतो.