श्वास आधीं कीं हृदय?

इसवी सन १८८९ च्या हिवाळ्यांत हैदराबादेहून लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकाकडे एक तार गेली. कुत्रे, माकडें, घोडे, शेळ्या, मांजरें व ससे मिळून चारशें नव्वद प्राणी प्रयोगास लाविले. क्लोरोफॉर्मचा धोका श्वास कोंडण्यांत किंवा मात्रा अधिक होण्यांत आहे, हृदयावर त्याचा प्रत्यक्ष आघात मुळींच नाहीं, असा तिचा मथितार्थ होता. तार करणारे डॉक्टर लॉडर ब्रंटन हे लंडनमधील नामांकित औषधशास्त्रज्ञ असून 'लॅन्सेट'चे प्रतिनिधि म्हणून हैदराबादेस आले होते. स्वदेशाहून निघतांना त्यांचें मत ह्याच्या उलट होतें.

हें प्रकरण वऱ्हाडांतील वाचकास परकें वाटूं नये. त्या वर्षीं यवतमाळजवळचें बाभुळगांव कागदोपत्रीं निजामाच्याच मुलखांत मोडत होतें. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, पण धनीपण निजामाचेंच राहिलें. आणि त्या कारभाराचा वरिष्ठ म्हणजे हैदराबादचा रेसिडेंट. खर्च वजा जातां वऱ्हाडच्या वसुलांतून जें उरेल तें निजामास द्यावयाचें, असा करार होता. १९०२ त कायमचा पट्टा होऊन वर्षास पंचवीस लक्ष रुपये ठरले, तोंपर्यंत हा हिशेब चालला. तात्पर्य, ज्या खजिन्याच्या जमेंत बाभुळगांवच्या काळ्या जमिनीचा सारा धरला जाई, त्याच खजिन्यांतून निजाम मीर महबूब अली खान ह्यांनीं ह्या प्रयोगांसाठीं एक हजार पौंड दिले.

वाद जुना होता. एडिंबरोच्या सिम्सननें १८४७ च्या नोव्हेंबरांत क्लोरोफॉर्मची गुंगी प्रचारांत आणिली, आणि तीन महिने उलटण्यापूर्वींच, २८ जानेवारी १८४८ रोजीं, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचें नख काढतांना दगावली. तेव्हांपासून विलायतेंतील डॉक्टरांत दोन तट पडले. लंडनकडील पक्ष म्हणे, हृदय एकाएकीं थांबतें, म्हणून नाडीवरील बोट काढूं नये. एडिंबरोकडील पक्ष म्हणे, प्रथम श्वास थांबतो. श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडी आपली आपण पाहून घेईल. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या साइम ह्या शस्त्रवैद्याचे शिष्य. गुरूचें वचन त्यांनीं वेदवाक्य मानिलें होतें. १८८८ त त्यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून पहिल्या समितीचा निर्णय जाहीर केला. 'लॅन्सेट'नें शंका घेतली. तेव्हां, तुमचाच माणूस पाठवा, खर्च निजामसरकार देईल, असें उत्तर गेलें. ब्रंटन आले, प्रयोग पाहिले, आणि आपलें मत सोडून यजमानांच्या पक्षास मिळाले.

ह्याच सुमारास रूपाबाई फर्दूनजी ह्या पारशी डॉक्टरीणबाई हैदराबादेस क्लोरोफॉर्म देण्यांत निष्णात झाल्या. जगांतील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. ब्रंटनसाहेबांची तार सर्वांस ठाऊक. रूपाबाईंचें नांव मात्र पुढें कित्येक वर्षें विस्मृतींत राहिलें.

ह्या समितीची आज थट्टा करणें सोपें आहे. १९११ त लेव्ही नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, गुंगी हलकी असतांना भीतीमुळें किंवा टोंचल्यामुळें शरीरांत अॅड्रिनॅलिन उसळलें, तर हृदयाचे झोत तुटून त्याची नुसती थरथर होते व प्राणी क्षणांत मरतो. हॅना ग्रीनरसारखीं घाबरलेलीं माणसें बहुधा अशीच गेलीं. हैदराबादेस जनावरांना भरपूर मात्रा देत, आणि भरपूर मात्रेनें श्वासच आधीं थांबतो. म्हणजे जें विचारिलें त्याचें उत्तर खरेंच मिळालें, पण विचारिलें होतें अर्धेंच. आमच्या मतें समितीची मोठी उणीव ह्याहून निराळी आहे. शेंकडों जनावरांचे श्वास व नाडीचे आलेख धुरकट कागदावर उतरविणाऱ्या ह्या मंडळींपैकीं कोणीं हें पाहिलें नाहीं कीं, निजलेल्या प्राण्याचा श्वास चालवितो कोण? जागा मनुष्य हवा तेव्हां श्वास रोखतो. झोंपेंत हवें-नको म्हणणारा तो धनी गैरहजर असतो, तरी भाता चालूच.

ह्याचें अर्धें उत्तर समितीपूर्वीं पाऊणशें वर्षें फ्रान्सांत मिळालें होतें. लगाल्वा ह्या फ्रेंच वैद्यानें १८११-१२ च्या सुमारास सशांच्या पिलांचा मेंदू पुढून मागें थरांनीं कापीत नेला. मोठा मेंदू गेला, श्वास चालूच. मेंदूचा जो देंठ मानेंत उतरतो, त्या लंबमज्जेंतील एका लहानशा जागेशीं सुरी पोंचतांच मात्र श्वास बंद. पुढें फ्लूरांसनें ती जागा आणखी संकोचून तीस 'जीवनाची गांठ' म्हटलें. गांठ नेमकी सांपडावयास १९९१ उजाडलें. अमेरिकेंतील फेल्डमन, स्मिथ प्रभृतींनीं नवजात उंदराच्या लंबमज्जेचा पातळ काप वेगळा काढून जिवंत ठेविला, तों तो एकटा काप श्वासाचा ताल धरून बसला होता! ह्या पेशीसमूहास प्री-बॉटझिंगर असें नांव आहे. तें कोणा ऋषितुल्य शास्त्रज्ञाचें असेल असा समज होईल. वस्तुतः शेजारच्या एका भागास जर्मनींतील एका भोजनप्रसंगीं मेजावरच्या मद्याच्या बाटलीवरून नांव पडलें, आणि ह्याला त्यावरून.

झोंपेचें ठिकाण रोगानें दाखविलें. १९१७ त व्हिएन्नाच्या फॉन इकॉनोमो ह्यानें मेंदूच्या एका साथीच्या दाहाचें वर्णन केलें. कित्येक रोगी दिवसचे दिवस झोंपत. कांहींना उलट डोळ्याला डोळा लागेना. मेलेल्यांचे मेंदू तपासतां, झोंपाळूंचा दाह हायपोथॅलॅमसच्या मागील भागांत, तर जागरणवाल्यांचा पुढील भागांत आढळला. जागें ठेवणारें व निजविणारें अशीं दोन ठाणीं शेजारीं आहेत, हें त्याचें अनुमान पुढें खरें ठरलें. १९४९ त मोरुझी व मॅगून ह्यांनीं मेंदूच्या देंठांतून वर जाणारी जागृतीची वाट दाखविली. दोन्ही ठाणीं एकमेकांस दाबतात. एकाचें पारडें जड झालें कीं मनुष्य झपकन् निजतो वा जागा होतो, मध्यें फार काळ लोंबकळत नाहीं. आणि श्वासाचें ठाणें ह्यांच्याशीं बांधलेलें आहे. रक्तांत कर्बद्विप्राणिल वायु साचला कीं देंठांतील पेशी तें ओळखून निजलेल्यास जागें करितात. घोरणाऱ्याचा श्वास अडकला म्हणजे तो दचकून उठतो, तें ह्याच पहाऱ्यामुळें. उंदरांत ती श्वासाची गांठ हळूहळू निकामी केली असतां श्वास प्रथम झोंपेंत अडखळूं लागतो, जागेपणीं नंतर.

क्लोरोफॉर्म ह्या सर्वांवर एकदम पांघरूण घालतो. जागृतीचें ठाणें आधीं मिटतें, मात्रा वाढली कीं श्वासाचा ताल मंदावतो, आणि जागें करणारा पहारेकरीही तेव्हां निजलेलाच असतो. लॉरीसाहेबांच्या कुत्र्यांना झालें तें हें.

बाभुळगांवच्या शिवारांत श्वास थांबण्याचे प्रकार निराळे. पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्या मनुष्यास मण्यार डसते. दंश इतका बारीक कीं पुष्कळदां झोंपही मोडत नाहीं. पहाटे पोटांत कळ येते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते. लंबमज्जा येथें शाबूत असते; ती हुकूम सोडीत राहते, पण विष मज्जातंतु व स्नायु ह्यांच्या सांध्यावर बसल्यामुळें तो छातीपर्यंत पोंचत नाहीं. रोगी निजल्यासारखा दिसतो, डोळे उघडूं शकत नाहीं, परंतु भोंवतालचें रडणें त्यास ऐकूं येत असतें. अशास मेला म्हणून सोडणें ही सर्वांत भयंकर चूक होय, कारण यंत्रानें किंवा हातानें दाबावयाच्या रबरी पिशवीनें श्वास चालू ठेविला, तर कित्येक जण कांहीं दिवसांनीं उठून बसतात.

दुसरा प्रकार ताजा आहे. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर ह्या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यांत पऱ्हाटीवर औषध फवारतांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले आणि विसाच्या आसपास मेले. पऱ्हाटी त्या वर्षीं डोक्याइतकी वाढली होती, पंपांतून तुषार फार बारीक पडत, आणि कित्येक ठिकाणीं दोन-तीन औषधें एकत्र कालविलेलीं. उन्हाच्या काहिलींत तोंडाला फडकें बांधण्यापलीकडे संरक्षण नव्हतें. त्यांत मोनोक्रोटोफॉससारखीं ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचीं विषें होतीं. हीं विषें श्वासावर तीन बाजूंनीं चालून येतात: फुप्फुसांत स्राव दाटतो, छातीचे स्नायु प्रथम फडफडून मग लुळे पडतात, आणि लंबमज्जेंतील ती तालाची गांठच मुकी होते. जनावरांवरील प्रयोगांत असें दिसतें कीं, हृदय चालत असतांनाच श्वास बंद पडतो, आणि तेवढ्यांत बाहेरून श्वास दिला तर हृदय पुढें चालू राहतें. लॉरीसाहेबांचा हट्ट क्लोरोफॉर्मच्या बाबतींत अर्धा खरा निघाला. पऱ्हाटीच्या रानांत मात्र तो पुष्कळ अंशीं लागू पडतो. फवारा टाकून धुऱ्यावर बसलेल्या मजुरास ओकारी येते, डोळ्यांपुढें अंधुक दिसतें, तोंडाला फेंस येतो. नाडी हातास लागते, म्हणून सोबतचे त्यास बाभळीच्या सावलींत निजवून विसांवा घेऊं देतात. यवतमाळच्या मोठ्या इस्पितळांत अॅट्रोपिनची सुई व श्वास देणारें यंत्र आहे. तेथवर जाण्याची वाट ह्या विसांव्यानंतर सुरू होते.