स्पर्धेआधीच वाटलेल्या जागा : मँचेस्टरच्या चार विद्यार्थ्यांनी १९७५ मध्ये काय विचारलं होतं?

निकालाचे दिवस आले की आपल्या पोरांना दरवर्षी तोच प्रश्न ऐकावा लागतो. कट ऑफ किती होता आणि तुला किती मार्क होते? विचारणारा स्वतःला मेरिटचा जन्मसिद्ध मालक समजत असतो. आपली पोरं बिचारी मार्कांचा हिशेब देत बसतात. आमचं म्हणणं असं की, हा हिशेब देण्याआधी आपणच एक उलटा प्रश्न टाकला पाहिजे : या स्पर्धेत कोण किती दारांनी आत येणार, हे कोणी ठरवलं?

हा प्रश्न ५० वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या चार विद्यार्थ्यांनी विचारला होता. मोर्चा काढून विचारला नव्हता. टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत बसून, हातात बझर असताना विचारला होता. त्या काळी बहुतेकांनी तो पोरकटपणा ठरवला. आम्हाला तो तसा वाटत नाही, म्हणून हा लेख.

कार्यक्रमाचं नाव 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'. १९६२ मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनने तो सुरू केला. कल्पना मूळची अमेरिकेची, तिथल्या 'कॉलेज बाउल'वरून उचललेली. चार विद्यार्थ्यांचा एक संघ, समोर दुसरा संघ, मध्ये सूत्रसंचालक. आधी १० गुणांचा एक प्रश्न. त्याचं उत्तर ज्याने बझर दाबला त्याने एकट्याने द्यायचं, शेजाऱ्याशी कुजबुज करायची नाही. प्रश्न पुरा होण्याआधी मध्येच बझर दाबून चुकलात तर ५ गुण गेले. बरोबर आलं तर संघाला आणखी तीन प्रश्न, प्रत्येकी ५ गुणांचे, ते मात्र चौघांनी मिळून सोडवायचे. पहिली २५ वर्षं सूत्रसंचालक होते बॅम्बर गॅसकॉइन. स्वतः ईटनच्या शाळेत आणि केंब्रिजच्या कॉलेजात शिकलेले, बोलण्यात अत्यंत सभ्य गृहस्थ.

नियम सगळ्यांना सारखे, घड्याळ सगळ्यांना सारखं, प्रश्नही तेच. याहून निर्मळ मेरिट कुठे मिळणार?

आता आत येण्याचा नियम बघा. ब्रिटनमधल्या इतर बहुतेक विद्यापीठांनी एक विद्यापीठ म्हणून एक संघ पाठवायचा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये मात्र प्रत्येक कॉलेजला स्वतंत्र संघ पाठवण्याची मुभा. आज या दोन्ही विद्यापीठांत तीसहून अधिक कॉलेजं आहेत आणि त्यातल्या एकेका कॉलेजात काही शे विद्यार्थी असतात. मँचेस्टर विद्यापीठात आज ४० हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत. तिकडे काही शे मुलांना एक दार, इकडे हजारो मुलांना मिळून एक दार. मग अंतिम फेरीत ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचं नाव दिसलं की बघणारा म्हणणार, शेवटी हुशारी तिथेच आहे.

१९७५ मध्ये मँचेस्टरचा संघ ग्रॅनडाच्या स्टुडिओत बसला तो हा नियम मनात ठेवूनच. पहिला प्रश्न आला, बझर वाजला, उत्तर आलं : मार्क्स. पुढच्याला लेनिन. मग ट्रॉट्स्की, मग चे गव्हेरा. प्रश्न कशावरही असो, उत्तर एखाद्या क्रांतिकारकाचं नाव. गॅसकॉइन आपल्या सभ्यतेला चिकटून पुढचे प्रश्न विचारत राहिले. संघ अर्थातच हरला. त्या चौघांपैकी डेव्हिड ॲरोनोविच पुढे नावाजलेला पत्रकार झाला, त्यामुळे हा किस्सा आजही सांगितला जातो. पण सांगतात तो गंमत म्हणून. त्यामागची तक्रार, म्हणजे जागांच्या वाटपाची, एका वाक्यात उरकली जाते.

आपल्याला ती तक्रार ओळखीची वाटायला हवी. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करायला साउथबरो समिती आली तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असलेल्या तरुण भीमराव आंबेडकरांनी तिच्यासमोर साक्ष दिली. अस्पृश्य उमेदवार हुशार आहे की नाही, या वादात ते शिरलेच नाहीत. त्यांनी बोट ठेवलं ते मोजणीवर. मत कोणाला, प्रतिनिधी किती, आणि तो कोणी निवडायचा? संपत्तीच्या अटीवर मताधिकार दिला तर ज्यांना संपत्ती जमवूच दिली नाही ते मतदार यादीतच येणार नाहीत, मग निवडणूक कितीही स्वच्छ झाली तरी निकाल आधीच लागलेला असणार. लोकसंख्येच्या प्रमाणात स्वतःचे प्रतिनिधी हवेत, ही मागणी त्यातून आली. मँचेस्टरच्या पोरांनी ही साक्ष वाचली असण्याची शक्यता शून्यच. पण दोघांचं बोट एकाच जागी आहे.

यावर उत्तर दिलं जातं की, ऑक्सफर्ड-केंब्रिजची कॉलेजं खरोखरच स्वतंत्र संस्था आहेत. प्रवेश तीच देतात, त्यांची ग्रंथालयं वेगळी, मालमत्ता वेगळी, शिकवणं वेगळं. हे खरं आहे. पण ती स्वतंत्र आणि श्रीमंत झाली कशी? शतकानुशतकं देणग्या आणि जमिनी मिळाल्या म्हणून. आणि त्या काळात आत कोण होतं? १८७१ च्या कायद्यापर्यंत अँग्लिकन चर्चला न मानणाऱ्यांना तिथे अध्यापनाची पदं मिळत नव्हती. स्त्रियांना ऑक्सफर्डने पदवी दिली १९२० मध्ये, केंब्रिजने तर १९४८ मध्ये. म्हणजे आधी दार बंद ठेवून संस्था उभ्या केल्या, आणि पुढे त्या संस्थांच्या संख्येवर स्पर्धेतल्या जागा मिळाल्या. आपल्याकडे याला परंपरा म्हणतात. जोतिरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात हेच विचारलं होतं : शेतकऱ्याच्या घामाच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर का जातो?

या बंद दारांमुळेच १८२६ मध्ये लंडनमध्ये धर्माची अट नसलेलं कॉलेज निघालं आणि पुढे लंडन विद्यापीठ झालं. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली ती याच लंडन विद्यापीठाची. (ऑक्सफर्ड-केंब्रिजचं कौतुक सांगणाऱ्या आपल्या मंडळींना हे अधूनमधून ऐकवायला हरकत नाही.)

मग दार थोडं उघडलं की काय होतं? याचा पुरावा त्याच कार्यक्रमाच्या विजेत्यांच्या यादीत आहे. १९६३ चा पहिलावहिला विजेता ऑक्सफर्ड नव्हता की केंब्रिज नव्हता. तो होता लेस्टर. विद्यापीठाची सनद मिळून त्याला जेमतेम सहा वर्षं झाली होती. १९८४ मध्ये ओपन युनिव्हर्सिटी जिंकली. हे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालेलं, आणि प्रवेशाला आधीच्या कोणत्याही परीक्षेची अट नाही. नोकरी करून, पोरं झोपल्यावर रात्री अभ्यास करणारी माणसं तिथे शिकतात. ज्यांना कट ऑफच लावला नव्हता त्यांनी कट ऑफवाल्यांना हरवलं! १९९९ मध्ये ते पुन्हा जिंकले.

२००३ मध्ये जिंकलं बर्कबेक. या कॉलेजाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. १८२३ मध्ये लंडनच्या कारागिरांसाठी ते सुरू झालं, आणि त्याची ओळख आहे संध्याकाळच्या वर्गांची. दिवसा काम, संध्याकाळी वर्ग. आता आपल्या मुंबईकडे या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज २० जून १९४६ ला सुरू झालं तेव्हा वर्ग भरवले सकाळी, म्हणजे विद्यार्थ्याला तास आटोपून नोकरीवर जाता यावं. डबक चाळीत वाढलेल्या माणसाला ठाऊक होतं की आपल्या पोराची अडचण डोक्यात नसून घड्याळात आहे. वर्गाची वेळ बदलणं हाही प्रवेशाचाच नियम आहे. त्याचा उल्लेख गुणपत्रिकेत कुठेच होत नाही.

अमेरिकेत वेगळाच मार्ग काढला गेला. 'कॉलेज बाउल' रेडिओवर सुरू झालं १९५३ मध्ये. त्या वेळी दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. त्या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो १९५४ मध्ये. काळ्यांची उच्चशिक्षणाची वाट मुख्यतः त्यांच्यासाठीच निघालेल्या कॉलेजांतून जात होती. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशी केली, ते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस अशाच एका, फिस्क विद्यापीठाचे विद्यार्थी. या कॉलेजांनी १९८९ पासून स्वतःची प्रश्नमंजुषा सुरू केली, 'होंडा कॅम्पस ऑल-स्टार चॅलेंज'. काही वर्षं ती बीईटी या काळ्या प्रेक्षकांच्या वाहिनीवरही दिसली. पैसा मोटार कंपनीचा होता हे नजरेआड करू नये. पण टीव्हीच्या पडद्यावर बझर दाबणारी दोन्ही बाजूंची पोरं काळी असणं, ही त्या घरांतल्या लहान मुलांसाठी काय गोष्ट असेल याचा विचार करा.

आणि आपल्याकडे? १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' आला. गाजला, आणि इंग्रजीत होता. पुढे बीबीसी वर्ल्डवर 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'ची भारतीय आवृत्ती आली तीही इंग्रजीतच. इथे दुसरं दार लावायची गरजच पडली नाही, भाषेनेच काम केलं. ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येतं आणि विश्वकोश कपाटात असतो, तिथल्या पोराच्या कानावर सहज पडलेलं ते जनरल नॉलेज. पेरणीचं, चामड्याचं, लोखंडाचं ज्ञान कोणत्या फेरीत विचारतात? 'क्विझ टाइम'च्या त्या वर्षी मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर होऊन सात वर्षं झाली होती. घरं जळली होती, माणसं मारली गेली होती. बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाच्या पाटीवर यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. विद्यापीठ कोणाचं, हा प्रश्न आपल्याकडे रक्त सांडून सोडवावा लागतो.

मँचेस्टरची गोष्ट १९७५ वर संपत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या एका कर्मचाऱ्याने संघ घडवायला घेतला. चाचण्या घेऊन पोरं निवडायची, बझरचा सराव करून घ्यायचा, कोणता विषय कोणाच्या वाट्याला हे ठरवायचं. हा संघ २००६ मध्ये जिंकला, नंतर २०१२ आणि २०१३ मध्येही. उपजत हुशारी वगैरे जे म्हणतात त्यातला बराच भाग सरावाचा आणि सराव करून घेणाऱ्या माणसाचा असतो, हे क्लासच्या फिया भरणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. ते फक्त बोलत नाहीत. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी या ग्रंथालय कर्मचाऱ्याकडे जरूर बघावं.

मधल्या २००९ ची कथा आणखी मासलेवाईक आहे. अंतिम फेरीत ऑक्सफर्डच्या कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजने मँचेस्टरला हरवलं. काही दिवसांत कळलं की विजयी संघातला एक जण चित्रीकरण पुरं होण्याआधीच विद्यार्थी राहिला नव्हता, नोकरीला लागला होता. विजेतेपद काढून घेतलं गेलं आणि मँचेस्टरला दिलं गेलं.

म्हणजे नियम मोडला तर शिक्षा होते. पण १९७५ च्या चौघांची तक्रार नियम मोडल्याची नव्हतीच, ती नियमाबद्दल होती. आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची कॉलेजं आजही या कार्यक्रमात वेगवेगळे संघ घेऊनच उतरतात.